हंगामात हात लावायचा नाही

कारखाने सुरू झाल्याचं मला कॅलेंडरवरून कळत नाही. संगमनेरात आमच्या घराच्या खिडकीतून नाशिक-पुणे रस्ता दिसतो. एक दिवस त्या रस्त्यावरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून जातो. मागे चार-दोन ऊस सांडतात, त्यांच्यावरून गाड्या जातात, डांबरावर पांढरा चिकट चोथा होतो आणि मग मला कळतं. पूर्वी मला हे फार आवडायचं. आता मी खिडकी लावून घेतो.

माझं लहानपण साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. आमचे दादा, म्हणजे वडील, तिथे मिल हाऊसमध्ये फिटर होते. कारखाना जिल्ह्यातलाच, पण कुठला ते सांगणार नाही. जिल्ह्यात कारखाने पुष्कळ आहेत आणि पुढची गोष्ट कुठल्याही कारखान्यात घडू शकली असती, यातच तिचं वाईटपण आहे. बाकीच्या जगाला तीन ऋतू होते, आम्हाला दोनच होते. हंगाम आणि ऑफ सीझन. हंगामात वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीतून काजळी पडायची आणि आई रोज नव्याने चिडायची. मळीचा आंबूस वास गादीत, वहीत, पोळीत असायचा. पाहुणे नाकाला रुमाल लावायचे आणि आम्हाला कळायचं नाही, हे असं का करतात. भोंग्यावर शाळा, भोंग्यावर जेवण.

हंगामाची सुरुवात थाटात व्हायची. बॉयलर पेटवायचा, पूजा करायची, उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायची. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा तो मोठा पट्टा. मोळी आत गेली की टाळ्या वाजायच्या, पेढे वाटले जायचे. दादा मात्र त्या गर्दीत कधी नसायचे. ते आत यंत्राला कान लावून उभे असायचे. कारण मोळी पडली की एक नियम लागू व्हायचा आणि तो चेअरमनपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ होता. चालू हंगामात चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. आवाज करतंय? करू दे. गळतंय? खाली डबा ठेवा. ऊस शेतात उभा आहे, एक दिवस मिल थांबली तर तो वाळतो.

या नियमाचा अर्धा भाग गाजलेला आहे, कारण तो सोपा आहे. उरलेला अर्धा भाग पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, सुरू व्हायचा. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपलं की दादांची माणसं ती आख्खी मिल खोलायची. रोलर बाहेर, बेअरिंग बाहेर, नट-बोल्ट रॉकेलच्या टबात. जे बिघडलंय ते तर खोलायचेच, पण हंगामभर ज्याने हूं की चूं केलं नाही तेही खोलायचे. मी सुट्टीत डबा घेऊन जायचो तेव्हा तो प्रकार बघून मला हसू यायचं. चांगलं चालणारं यंत्र उघडून कोणी बसतं का? ओव्हरहॉलिंग हा शब्द मी मराठीच समजत होतो, इतका तो आमच्या घरात होता.

पुढे मी कॉम्प्युटर शिकलो, संगमनेरातल्याच एका लहानशा कंपनीत लागलो, आणि फिरून त्याच कारखान्याच्या दारात उभा राहिलो. ऊस नोंदीची वेबसाईट आम्ही बनवली. शेतकऱ्याने कोणत्या तारखेला लागवड केली, जात कोणती, क्षेत्र किती, आणि त्यावरून त्याच्या तोडणीचा क्रमांक. हा क्रमांक फार मोठी गोष्ट असते. ऊस वेळेवर तुटला तर ठीक, उशिरा तुटला तर त्याला तुरा येतो, आतून पोकळ होतो, वजन जातं. गावात दोन भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तर त्यामागे बऱ्याचदा बांध असतो, नाहीतर तोडणीचा नंबर. आमच्या वेबसाईटमुळे तो नंबर मोबाईलवर दिसू लागला आणि आता वशिला चालणार नाही म्हणून पहिल्या वर्षी आमचा सत्कार झाला. नारळ आणि शाल. शाल अजून आहे.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगतो. लोकांना वाटतं आम्ही सगळं स्वतः लिहितो. तसं कोणीच लिहीत नाही. तारीख नीट दाखवायची, तर जगात कुठेतरी कुणीतरी त्यासाठी लिहिलेलं तयार पॅकेज असतं, ते आम्ही घेतो. त्या पॅकेजला आणखी पाच पॅकेजेस लागतात, त्या पाचांना आणखी. अशा शेकडो अनोळखी माणसांच्या कामाची मोळी बांधून ब्राउझरच्या गव्हाणीत टाकणारं एक साधन असतं, त्याला बंडलर म्हणतात. बंडलर स्वतःसुद्धा असाच शेकडो दुसऱ्यांच्या जिवावर उभा असतो. यातल्या एखाद्यात खोट सापडली की ती जाहीर होते, दुरुस्त झालेली नवी आवृत्ती निघते, आणि तुमच्याकडे जुनी असेल तर तुमचा कॉम्प्युटर तुम्हाला तसं सांगतो. लपवत नाही. पिवळ्या अक्षरात, लाल अक्षरात, ओळींमागून ओळी. इतक्या त्रुटी गंभीर, इतक्या अतिगंभीर. मी ती अक्षरं सहा वर्षं बघितली. सहा वर्षं ती वर सरकून जाईपर्यंत थांबलो आणि पुढचं काम केलं.

आणि इथेच ती बाई येते, जिच्यामुळे मी खिडकी लावून घेतो.

सुवार्ता साळवे. शेतकी विभागात क्लार्क. बारीक अंगाच्या, जाड चष्म्याच्या, वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते म्हणून अक्षर असं की छापल्यासारखं. लागवडीच्या तारखांचं काम त्यांच्याकडे होतं. गावाकडच्या गट ऑफिसातून कागद आला की त्या तो वाचायच्या, ओळीखाली बोट ठेवून, मग वेबसाईटवर भरायच्या आणि मग तीच नोंद एका लांबलचक वहीत निळ्या शाईने लिहायच्या. मी चिडवायचो. "साळवेबाई, आता वही कशाला? सगळं आत आहे की."

"आत आहे ना, मग राहू द्या आत," त्या म्हणायच्या. "मला बाहेर पण लागतं."

एकदा हंगामाच्या तोंडावर मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून काहीतरी बसवत होतो. पडद्यावरून ती रंगीत अक्षरं धावायला लागली. बाई चष्मा वर करून बघत राहिल्या.

"नितीन सर, ही लाल अक्षरं कसली हो?"

"काही नाही. येतातच ती."

"लाल आहेत म्हणून विचारलं."

"चालतंय ना आपलं? मग झालं तर."

त्यांनी मान हलवली आणि आपल्या कागदाकडे वळल्या. आख्ख्या कारखान्यात, आख्ख्या आमच्या कंपनीत, त्या अक्षरांबद्दल प्रश्न विचारणारं ते एकच माणूस होतं.

मी मालकांकडे विषय काढला नाही असं नाही. आमच्या कंपनीचे मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. बंडलर जुना झाला, बदलायला पाहिजे, असं मी म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "हंगाम चालू आहे, आता हात लावू नकोस." हंगाम संपल्यावर म्हणालो तेव्हा दुसऱ्या कारखान्याचं नवं काम आलेलं होतं. तसा बंडलर बदलणं म्हणजे महिन्याभराचं किचकट काम. एक बदलला की दहा मोडतात आणि शेवटी वेबसाईट दिसते तशीच. या कामाचा सत्कार होत नाही. मग मीही बोलायचं सोडून दिलं. आमच्या भागातल्या माणसांनी कारखान्याकडून अर्धा नियम उचलला आणि अर्धा तिथेच ठेवला, असं मी आता म्हणतो. पण 'आमच्या भागातली माणसं' हा पळपुटा शब्द आहे. उचलला मी.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात थंडी चांगली होती. नाताळ आठवड्यावर आला होता. बाईंच्या टेबलावर कागदी चांदणी टांगलेली होती. सकाळी शेतकी विभागाच्या खिडकीवर एक म्हातारे शेतकरी आले आणि हातातला मोबाईल गजातून आत सरकवून ओरडायला लागले.

"बाई, ह्ये काय चाललंय? माजा आडसाली ऊस तुऱ्यावर आला, आन् त्या शेजाऱ्याचा खोडवा माज्या आदी तुटतोय व्हय? जुलैची लागन हाय माजी! कुनाला इचारून नंबर मागं घातला?"

बाईंनी वही काढली. वहीत जुलै. वेबसाईटवर सप्टेंबर. त्यांनी दुसरी नोंद पाहिली, तिसरी पाहिली. एका गटातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या लागवडीच्या तारखा बदललेल्या होत्या, काही मागे, काही पुढे, आणि त्याप्रमाणे तोडणीचे क्रमांक उलटेपालटे झाले होते. टोळ्या चार दिवस त्या चुकीच्या क्रमाने ऊस तोडत होत्या. तोडलेला ऊस परत लावता येत नाही. दुपारपर्यंत खिडकीपुढे माणूस मावेना. संध्याकाळी मला बोलावणं आलं.

प्रत्येक बदलापुढे वेबसाईट नाव लिहून ठेवते. सगळ्या बदलांपुढे एकच नाव होतं. सुवार्ता साळवे.

"माझा पासवर्ड मी कुणाला सांगितला नाही," बाई म्हणाल्या. "नवऱ्याला नाही, मुलीला नाही. लिहूनसुद्धा ठेवला नाही." त्या हे माझ्याकडे बघून म्हणाल्या, कारण त्या खोलीत त्यांचं म्हणणं समजू शकेल असा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, मला सापडलं. बंडलर आपल्याबरोबर एक छोटा सर्व्हर देतो. काम करणाऱ्याने आपल्याच मशीनवर पान कसं दिसतंय ते बघण्यापुरता तो असतो. पहिल्या वर्षी घाईघाईत आम्ही तोच कारखान्याच्या खऱ्या सर्व्हरवर चालू ठेवला होता. चालला, म्हणून तसाच राहिला. त्याच्या जुन्या आवृत्तीत खोट होती. वेबसाईटचा पत्ता विशिष्ट तऱ्हेने लिहिला, तर बाहेरच्या माणसाला त्या मशीनवरची कुठलीही फाईल वाचता यायची. खोट जाहीर झालेली होती, दुरुस्ती निघालेली होती, आणि मला लाल अक्षरात कळवलेलंही होतं. सर्व्हरच्या रोजनाम्यात त्या विचित्र पत्त्यांच्या ओळी होत्या, एकीखाली एक. कुणीतरी बाहेरून आलं होतं आणि आमची किल्ल्यांची फाईल वाचून गेलं होतं. त्या फाईलमधली एक किल्ली हातात आली की कोणाच्याही नावाने आत शिरता येतं, पासवर्ड लागतच नाही. त्याने तारखांच्या कामावरचं नाव शोधलं आणि ते घेतलं. तो कोण, हे आजपर्यंत कळलेलं नाही.

मी त्या ओळींकडे बघत बसलो होतो तेव्हा बाईंनी माझ्या टेबलावर चहा ठेवला. बशीत नाताळच्या दोन करंज्या. त्या आठवड्यात त्यांनी घरून डबा आणला होता, सगळ्या विभागाला पुरेल असा, आणि त्या दिवशी त्यातल्या करंज्या कोणी घेत नव्हतं.

"सापडलं का काही?"

"बघतोय अजून," मी म्हणालो.

करंजी मी खाल्ली.

संध्याकाळी मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे लेखी गेलं तर जिल्ह्यातला एकही कारखाना आपल्याला दारात उभं करणार नाही. आणि ऑफिसातली बाकीची पोरं कुठे जातील?" मी म्हणालो, बाईंवर येईल. ते म्हणाले, "आपण कुणावर आरोप करत नाही. तू फक्त एवढंच लिही की बदल त्यांच्या लॉगिनमधून झालेले दिसतात. हे खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. गुरुवारी मी लिहिलं. 'सदर बदल श्रीमती साळवे यांच्या लॉगिनमधून झाल्याचे दिसून येते.' त्या वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, हे मी त्यानंतर किती वेळा तपासून पाहिलं आहे. खोटं बोलणारा निदान आपण काय करतोय ते जाणून असतो. मी खरं लिहून ते केलं आणि वर सहीसुद्धा सुवाच्य केली.

शुक्रवारी बाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. त्यांनी चांदणी काढून पिशवीत ठेवली, रिकामा डबा ठेवला. वही ठेवायला लागल्या तर शेतकी विभागाचे साहेब म्हणाले, वही इथेच राहील. कारण शनिवारपासून त्याच वहीवरून आम्हाला सगळ्या तारखा पुन्हा भरायच्या होत्या. मी भरल्या. तीन दिवस त्या निळ्या शाईच्या ओळींखाली बोट ठेवून भरत होतो आणि एकाही ठिकाणी खाडाखोड सापडली नाही. पुढचा सगळा हंगाम त्या वहीवर चालला, आणि वही लिहिणारी घरी बसलेली. चौकशीत मात्र तीच वही त्यांच्यावर उलटवली. सगळं वेबसाईटवर असताना ह्या बाई स्वतःची वेगळी वही कशाला ठेवत होत्या, असं कुणीतरी विचारलं म्हणे. कॉलनीत कुजबुज सुरू झाली की बाईने पैसे खाल्ले. शेवटी काही सिद्ध झालं नाही. पण निर्दोष आहेत असंही कुणी लिहून दिलं नाही. त्यांना साखरेच्या गोदामावर टाकलं, वर्षभराने त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि नगरला मुलीकडे राहायला गेल्या.

दादांना मी सांगितलं ते पुढच्या उन्हाळ्यात. ते निवृत्त होऊन आमच्याकडे संगमनेरला आलेले, गॅलरीत पंखा खोलून बसले होते. पंखा नीट चालत होता, हे सांगायला नको.

"साळवेबाई?" त्यांनी पाना खाली ठेवला. "अरं, त्या बाईच्या हातची नोंद कदी चुकली न्हाई. तिनं खाल्लं म्हन्त्यात?"

"नाही खाल्लं. आमचंच जुनं झालं होतं काहीतरी. बदलायला पाहिजे होतं."

"कदीपास्नं म्हाईत हुतं?"

"पहिल्यापासून."

"मग ऑफ सीझनला तुमी काय करता?"

"नवीन कामं असतात, दादा."

"आन् जुनं कोन खोलतं?"

दादा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंख्याचं बेअरिंग बोटांत धरून फिरवलं, कानाजवळ नेलं आणि मग उठून आत गेले. पंखा दोन दिवस तसाच उघडा होता.

त्या उन्हाळ्यात मी सगळं खोललं. कुणी सांगितलं नव्हतं. बंडलर बदलला, तो छोटा सर्व्हर काढून टाकला, एकेक जुनं पॅकेज उचकटलं, मोडलं ते पुन्हा जुळवलं. सव्वा महिन्याने आज्ञा दिली तेव्हा पडद्यावर एक ओळ आली, एकही त्रुटी नाही. ऑफिसात कुणाच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं होतं, ती ओळ पाहिली की छातीवरचं काही उतरेल. ओळ पांढरी होती, साधी होती, आणि मला एवढंच सुचलं की हे सव्वा महिन्याचंच काम होतं.

आणि या वर्षी ट्रॅक्टर पुन्हा दिसले तेव्हा मी उठलो. रोजनाम्याच्या त्या ओळी जपून ठेवलेल्या होत्या. त्या छापल्या, खाली सोप्या मराठीत काय घडलं ते लिहिलं, सही केली आणि एसटीने नगरला गेलो.

बाई थकलेल्या दिसल्या. ओळख दिली, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीपासून. किती वेळ गेला कोण जाणे.

"हे तुम्हाला कधी सापडलं?" त्यांनी विचारलं.

"बुधवारी."

"मी शुक्रवारी घरी गेले. म्हणजे बुधवारी मी ऑफिसातच होते."

"हो."

"चहा दिला तुम्हाला. तेव्हा समोर हेच होतं?"

"हो, बाई."

त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी बोलावं असं फार वाटत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पहिल्या घडीवर बरोबर बसेल अशी, आणि तो माझ्या हातात परत दिला.

"मला कशाला देता? मी केलं नाही हे मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना द्या."

कागद अजून माझ्या बॅगेत आहे. सोमवारी तो मालकांपुढे ठेवला आणि म्हणालो, हा कारखान्याला द्यायचाय. त्यांनी वाचला. मान हलवली. खरोखर वाईट वाटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"देऊ की," ते म्हणाले. "दिलाच पाहिजे. पण नुकती मोळी पडलीय, नितीन. चालू हंगामात नको. उन्हाळ्यात बघू."

आणि मी, सवयीने, "बरं" म्हणालो.